गिटारचा ग्रेन भरायचाय? आधी दिवाळी होऊ द्या

मोबाईलचा टॉर्च चालू करा, गिटारच्या बॉडीला अगदी चिकटून आडवा धरा आणि उजेड लाकडावरून सरपटत जाऊ द्या. वरून आरशासारखं दिसणारं लॅकर, म्हणजे सगळ्यात वरचा चकचकीत थर, त्या उजेडात कधीकधी भात कापलेल्या मळ्यासारखं दिसतं, सगळीकडे बारीक बारीक चिरा. माझ्या पहिल्या गिटारचं हे दर्शन मला ऑक्टोबरात घडलं. रंगवली होती ऑगस्टमध्ये, कारण गणपतीत मुंबईचे भाऊ येणार होते आणि त्यांना दाखवायची होती. दाखवली, वाहवा पण मिळाली, आणि दीड महिन्यात लाकडाच्या बारीक भोकांमध्ये, म्हणजे ग्रेनमध्ये, भरलेला सगळा भराव खाली बसला.

आमच्या वाडीत एक मेस्त्रीकाका आहेत, जन्मभर दरवाजे-खिडक्यांना पॉलिश केलेला माणूस. त्यांनी गिटार हातात घेतली, उलटी केली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "गिलावो केल्यार दुसऱ्या दिसा रंग काडतंस काय रे? तुका काय गाडी पकडूची होती?" विषय संपला. त्यानंतर दोन गिटारी केल्या, दोन्ही नीट झाल्या, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

आधी बघा भरायची गरज आहे का

झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढवतं त्या नळ्या लाकूड कापलं की उघड्या पडतात, तीच ही भोकं. काही झाडांच्या नळ्या मोठ्या असतात, काहींच्या डोळ्याला दिसत पण नाहीत. मॅपल, आल्डर, बासवुड, पॉपलर यांना भरायचं काही कारण नाही, सीलरचे, म्हणजे लाकूड बंद करणाऱ्या अस्तराचे, दोन हात मारले की झालं. महोगनी, अ‍ॅश, अक्रोड आणि आपला सागवान यांना मात्र आरशासारखा फिनिश हवा असेल तर भरावंच लागतं. फेंडर कंपनीने सुरुवातीच्या गिटारी अ‍ॅशच्या केल्या, १९५६ च्या सुमारास त्यांच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या बहुतेक रंगांसाठी आल्डर घेतलं आणि अ‍ॅश मुख्यतः आरपार दिसणाऱ्या ब्लाँड रंगासाठी ठेवलं. भराव घालत बसायला लागू नये हा आल्डरचा मोठाच फायदा. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल, एसजी वगैरे गिटारी महोगनीच्या, तिथे भराव आलाच.

आपली गिटार कशाची आहे हे दुकानदाराच्या बोलण्यावर ठरवू नका. मागचं झाकण उघडून पॉट (आवाजाच्या बटणाखालचा भाग) बसवलेल्या खड्ड्यात बघा, तिथे लाकूड खरं बोलतं. स्वस्त गिटारींना वरून सुंदर रेघांचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, तो घासता घासता आरपार गेलात तर मग एकच उपाय, घट्ट रंग, म्हणजे खालचं लाकूड दिसू न देणारा. लाकूड उघडं झाल्यावर पॉलिशच्या स्पिरिटने एक हात पुसा, ओलं असताना रेघा आणि भोकं एकदम स्पष्ट दिसतात, आधीच्या गोंदाचे डाग पण तेव्हाच दिसतात.

आणि हो, न भरणं हा पण एक पर्याय आहे. महोगनीला नुसतं तेल किंवा पातळ सॅटिन मारून भोकं उघडी ठेवली तर हाताला लाकूड लागतं, मला स्वतःला ते आवडतं. पण झगझगीत ग्लॉस हवा असेल तर सुटका नाही.

कधी करायचं

पावसाळ्यात नाही. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी माझ्या ऑगस्टचे पैसे वसूल. लाकूड हवेतली ओल पिऊन फुगलेलं असतं, भराव वरून सुकल्यासारखा वाटतो आणि आत ओला राहतो, मग पाऊस गेल्यावर लाकूड आणि भराव दोघेही आकसतात. वर लॅकर मारताना थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर बसते, म्हणून फिनिश पांढरट पडतो. माझी तर दोन्ही वाट लागली होती.

दिवाळीनंतर ते शिमग्याच्या आधी, हा काळ. त्यातही सकाळी दव असतं, म्हणजे साडेनऊ-दहा वाजता अंगण कोरडं झालं की सुरू करायचं आणि दुपारचा खारा वारा सुटायच्या आत हात धुवायचे. समुद्रापासून लांब, कुडाळ-सावंतवाडीकडे असाल तर थोडी सूट आहे, वेंगुर्ला-मालवणला अगदी किनाऱ्यावर असाल तर नाही. ओल मोजायचं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, हायग्रोमीटर, ते खोलीत ठेवा. आकडा पासष्ट टक्क्यांच्या वर असेल तर मी त्या दिवशी रंगाचा डबा उघडत नाही, सरळ मासे आणायला जातो.

उघडणं आणि घासणं

तारा सैल करून काढा, नेक बोल्टची असेल तर मागचे चार स्क्रू काढा. सोल्डर सोडवायच्या आधी वायरिंगचे फोटो काढा, तीन-चार बाजूंनी, कारण ब्रिजला जाणारी ती एक अर्थिंगची वायर नंतर हमखास विसरते आणि मग अँप गुणगुणत बसतो. नेक बसतो त्या खाचेला आतून मास्किंग टेप लावा. तिथे भराव आणि रंगाचे थर चढले तर नेक परत बसताना कडा उडतात.

जुना रंग पॉलिएस्टरचा असेल तर फार चिवट असतो, हीट गनने तापवून पत्र्याने उचलावा लागतो. धुळीसाठी एन ९५ मास्क लावाच, फडकं बांधून भागत नाही.

मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, १८०, आणि २२० ला थांबायचं. इथे बरेच जण हौसेने ४०० पर्यंत जातात, लाकूड काचेसारखं होतं आणि मग त्याला ना रंग धरत ना भराव. सपाट भागावर पेपर बोटांनी दाबून घासू नका, लाटा पडतात. ठोकळा घ्या, नाहीतर जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून त्याला पेपर गुंडाळा, रंगारी तेच करतात. घासायचं कायम रेघेच्या दिशेने. आडवे ओरखडे आत्ता दिसत नाहीत पण भराव त्यातही जाऊन बसतो आणि मग मांजराने नख मारल्यासारखं दिसतं.

बॉडीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला नळ्यांची तोंडं थेट समोर येतात, तो भाग तहानलेला असतो, तिथे घासणं पण जास्त आणि सील पण जास्त.

शेवटी भोकांतली धूळ काढा. ही पायरी सगळे गाळतात. जुना दात घासायचा ब्रश रेघेच्या दिशेने फिरवा, मग व्हॅक्यूम किंवा सायकलचा पंप. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने मारू नका, त्या हवेत पाणी आणि ऑइल दोन्ही येतं. भोकात धूळ राहिली तर भराव धुळीवर बसतो, लाकडावर नाही.

पातळ लाखेचा हात

चपडा लाख हार्डवेअरच्या दुकानात मिळते. इकडे लाखेचं नवल नाही, सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आपल्याला मात्र अगदी पातळ हवी, १०० मिली पॉलिशच्या स्पिरिटला ६ ग्रॅम लाख, रात्रभर विरघळवून सुती कापडातून गाळलेली. वर पुढे पॉलियुरेथेन मारणार असाल तर मेण काढलेली लाख घ्या, नाहीतर थर सुटतात. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लॅकरला एवढं पथ्य नाही.

याचा एकच हात, फडक्याने, पटकन. याने भोकं बुजत नाहीत पण मधलं सपाट लाकूड बंद होतं, म्हणजे भरावातला रंग फक्त भोकात बसतो, सगळ्या बॉडीवर डाग पडत नाहीत. लाकडाला डाय द्यायचा असेल तर तो लाखेच्या आधी. घट्ट रंग मारायचा असेल तर ही पायरी सोडून दिली तरी चालते.

काय भरायचं

आमच्याकडचे सुतार खडूची पावडर, पिवडी किंवा गेरू, आणि पांढरा गोंद पाण्यात कालवून भरतात. दरवाज्याला ठीक आहे. गिटारला नको, कारण गोंदाचा पापुद्रा जिथे राहतो तिथे डाय धरत नाही, आणि घासताना गरम होऊन पेपरला लोळ्या चिकटतात. गॅरेजवाल्याची लांबी (पुट्टी) पण लोक सुचवतात, खोल खड्डा असेल आणि वर घट्ट रंग असेल तर ती चालेल, भोकांसाठी ती जाड पडते. नुसत्या एनसी सँडिंग सीलरचे आठ-दहा हात मारून घासत बसणारे पण आहेत. महोगनीवर जमतं कसंबसं, पण सीलरचा थर मऊ असतो, जाड झाला की वरचं लॅकर त्यावर टिकत नाही, आणि अ‍ॅशची भोकं तर महिन्याभरात परत डोकं वर काढतात.

माझ्या मते दोनच मार्ग खरे. तेलातला भराव आणि इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन). पाण्यातला तयार भराव ऑनलाइन मिळतो, लवकर सुकतो, हात धुवायला सोपा, पण आकसतो जास्त, म्हणजे तीन-तीन वेळा भरायची तयारी हवी. माझा ऑगस्टचा तोच होता आणि मी एकदाच भरला होता, त्यामुळे दोष भरावाला देत नाही.

तेलातला भराव तयार मिळाला तर उत्तम. घरी करायचा तर सिलिकाची बारीक पावडर घ्या, ती नाही मिळाली तर खडूची, डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणि थोडं ऑइल वार्निश घालून लोण्यासारखं मळा, मग टर्पेंटाईनने पातळ करत घावण्याच्या पिठाइतकं आणा, चमचा उचलला की धार तुटत तुटत पडली पाहिजे. सिलिका मळताना मास्क काढायचा नाही. रंगासाठी बर्न्ट अंबर (तपकिरी मातीचा रंग) किंवा गेरू. लाकडापेक्षा एक छटा गडद ठेवायचा, कारण लॅकर आणि वयाने लाकूड गडद होतं आणि फिकट भराव मग खडूसारखा डोळ्यात येतो. अ‍ॅशवर मुद्दाम काळा किंवा पांढरा भरून रेघा उठवतात तो वेगळा शौक, करून बघा, पण आधी तुकड्यावर. तुकडा नसेल तर पिकअपच्या खड्ड्याशेजारी, पिकगार्डखाली झाकला जाईल तिथे.

भरणं, आणि त्याहून महत्त्वाचं, पुसणं

एकदम सगळी बॉडी घेऊ नका. अर्धी पाठ, मग दुसरी अर्धी. ब्रशने रेघेच्या दिशेने भरपूर लावा, कंजुषी नको. मग जुन्या एटीएम कार्डाने रेघेला आडवं आणि तिरकं दाबत ओढा, म्हणजे भराव भोकात ढकलला जातो. कार्डाची कड पेपरवर घासून गुळगुळीत करून घ्या आधी.

आता थांबायचं. ओला भराव चमकतो, पाच-दहा मिनिटांनी चमक उतरायला लागते, धुकं धरल्यासारखी मंद होते, तो क्षण पकडायचा. आधी पुसलं तर भोकातला पण बाहेर येतो, उशीर झाला तर सिमेंट होतं. उशीर झालाच तर फडक्याला टर्पेंटाईनचा थेंबभर ओलावा देऊन सोडवता येतो, थेंबभरच.

पुसायला तांदळाच्या पोत्याचं गोणपाट. नायलॉनचं नव्हे, तागाचं. त्याचा खरखरीतपणाच कामाचा, तो वरचा जादा भराव उचलतो आणि भोकात शिरत नाही. मऊ सुती फडकं भोकात बोट घातल्यासारखं आत जाऊन भराव उपसतं. गोणपाटाची घट्ट चपटी घडी करा आणि रेघेला आडवं पुसा, घडी भरली की उलटा. मेस्त्रीकाका हे करताना बघण्यासारखे असतात, हात दाबत नाहीत, नुसता फिरवतात, कोपरापासून. सगळं उचललं गेलं की शेवटी मऊ फडक्याने रेघेच्या दिशेने एकदाच हलका हात.

तेलाची फडकी आणि गोणपाट गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, खरंच. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा बाहेर दगडावर एकेक पसरून वाळवा. आणि थिनर-टर्पेंटाईन उघडं असताना पडवीत गॅस, चूल, देवासमोरची समई काही पेटलेलं नको. आमच्या आईने हे ऐकल्यावर समई लवकर लावून विझवून घेतली आणि मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मग वाट बघा. कोरड्या प्रदेशात तीन दिवस म्हणतात, मी आठवडा धरतो. नाक लावून बघा, टर्पेंटाईनचा वास येतोय तोपर्यंत ते सुकलेलं नाही. आठवड्याने ३२० ने अगदी हलकं घासा, लाखेचा पातळ हात मारा, टॉर्च आडवा धरा. पहिल्या भरावानंतर भोकं पाऊण भरलेली दिसतील. परत भरा, परत पुसा, परत आठवडा. अ‍ॅशला तिसऱ्यांदा पण लागतं कधीकधी.

इपॉक्सी हवं असेल तर

पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, सावकाश सुकणारं पातळ घ्या. आपल्याकडची गरम हवा त्याला घाई करते, म्हणून एकावेळी १०-१५ मिलीच कालवा, आणि पेल्यात साचवून न ठेवता बशीत पसरून ठेवा. साचलं की स्वतःच्याच उष्णतेने पेला धरवणार नाही एवढं तापतं. दोन भागांचं प्रमाण बाटलीवर असेल तेच, अंदाजपंचे नाही, नाहीतर आयुष्यभर चिकट राहील. कार्डाने लाकडावर ओढायचं आणि त्याच कार्डाने जवळजवळ सगळं परत खरवडून घ्यायचं, वर जाड थर ठेवायचा नाही. इपॉक्सी जवळपास आकसत नाही आणि आरपार असल्याने महोगनीच्या रेघा ओल्या लाकडासारख्या उठून दिसतात. डाय मात्र आधी, नंतर धरणार नाही.

दमट हवेत त्यावर मेणचट थर येतो. दुसऱ्या दिवशी घासायच्या आधी साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने तो धुऊन टाका, न धुता घासलंत तर पेपर तो थर सगळीकडे पसरवतो आणि वरचं लॅकर डोळे पडल्यासारखं फुटतं. मग २२०, दुसरा हात, आणि २४० ने सपाट. सगळं इपॉक्सी उडवून लाकडापर्यंत जायचा मोह आवरा, डाय निघाला तर टक्कल पडतं.

पुढचं थोडक्यात

भराव झाला की सीलरचे दोन-तीन हात, ३२० ने सपाट, मग लॅकर पातळ पातळ. थिनरमध्ये थोडा रिटार्डर घातला तर थिनर सावकाश उडतो आणि पांढरट पडायची भीती कमी होते. बॉडी टांगायला नेकच्या स्क्रूच्या भोकांतून एक फळीचा तुकडा आवळा आणि वाशाला दोरीने लटकवा, भोवती मच्छरदाणी सोडा, नाहीतर संध्याकाळची चिलटं लॅकरमध्ये समाधी घेतात. अंगणातली तांबडी माती उडू नये म्हणून पाणी शिंपडायचं तर आदल्या संध्याकाळी, फवारायच्या वेळी नाही.

शेवटचं घासून चमकवणं तीन-चार आठवड्यांनी. हीच वेळ मी पहिल्यांदा खाल्ली होती. या आठवड्यांत लॅकर आकसतं, बसायचा तो भराव बसतो, आणि जे दिसायचं ते आत्ताच दिसतं. टॉर्चखाली बारीक चिरा दिसल्या तर घाबरू नका, ८०० ने पाणी लावून सपाट करा आणि आणखी दोन हात लॅकर मारा. चिरा नखाला लागत असतील तर मात्र वरवर काही होणार नाही, भरावापर्यंत परत जावं लागतं.

जोडणी करायच्या आधी पॉटच्या खड्ड्यात पेन्सिलीने तारखा लिहून ठेवा, काय भरलं, कधी भरलं, किती दिवस ठेवलं. माझ्या तिसऱ्या गिटारमध्ये लिहिलंय, तेल, दोन वेळा, मधे नऊ दिवस. ती या वर्षी एक अख्खा पावसाळा भिंतीवर टांगलेली होती, तारा गंजल्या, ब्रिजच्या स्क्रूंना हिरवट बुरशी धरली, आणि परवा टॉर्च लावला तर बॉडी सपाट. मेस्त्रीकाकांना नेऊन दाखवली. त्यांनी बोट फिरवलं, परत फिरवलं आणि विचारलं, "तारा कधी बदलतलंस?"